कशापायी सुभेदार

लढाई कुठंही सुरू होवो, माणसं आधी विचारतात, "कोण जिंकतंय?" आमच्या कोल्हापुरात तर हा प्रश्न रक्तातच आहे. इथं तालमींच्या फुटबॉल मॅचवरून सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. मग रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरल्यावर सकाळच्या चहाला दुसरं काय बोलणार? कळंब्याच्या तलावावर फिरायला येणारा प्रत्येक जण त्या दिवसापासून सेनापती झाला होता. एकटे सुभेदार कोण जिंकतंय हे कधी विचारत नसत. सगळ्यांचं बोलून झालं की ते घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "त्ये समदं बरोबर हाय. खरं, ती पोरं तिकडं गेली कशापायी?"

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, आणि सुभेदारांच्या बोलण्यात ते फार यायचं. आपण एखादा मुद्दा अगदी रंगवून मांडावा, टाळीची वाट बघावी, आणि यांचं 'खरं' सुरू व्हावं. आम्ही त्यांना पाठीमागं 'कशापायी सुभेदार' म्हणत असू. पुढं ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "म्हणा की. पलटणीत ह्याच्यापरास वंगाळ नावं पडल्यात."

मूळचे कोडोलीचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलानं कळंब्यात घर बांधलं म्हणून इकडं आले. अंगानं सडपातळ, मिशी बारीक, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. तलावाच्या बांधावर आम्ही सगळे रमतगमत चालायचो, ते मात्र एका लयीत. चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या हातात ग्लास पडल्याशिवाय ते स्वतःचा ग्लास उचलत नसत. एकदा मी म्हटलं, "घ्या हो, चहा गार होतोय." तर म्हणाले, "आधी जवानांचं हुंदे." आम्ही जवान म्हणजे तिघं. मी वकील, फौजदारी बाजूचा, माझे बरेचसे अशील इथल्या कळंबा तुरुंगातच मुक्कामाला असतात. दुसरे प्रोफेसर, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तिसरे गुंडूशेठ, यांची एमआयडीसीत फाउंड्री. तिघांचीही वयं साठीच्या आसपास, आणि तिघांनाही सगळं कळत होतं.

युद्धाच्या पहिल्या आठवड्यात आमच्यात हेतूवरून जी जुंपली ती पुढं दोन वर्षं मिटली नाही. प्रोफेसरांचं म्हणणं, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. दाराशी परकी लष्करी युती येऊन बसली तर मोठं राष्ट्र गप्प कसं बसेल? शिवाय जुनं साम्राज्य गेल्याचा सल असतोच. गुंडूशेठना हे पटत नव्हतं. त्यांच्या मते जगात कारण एकच, धंदा. गहू, गॅस, कोळसा, लोखंड, काळ्या समुद्रावरची बंदरं. त्यात पुन्हा रशिया आपला जुना दोस्त, त्याच्याविरुद्ध बोलायला त्यांची जीभ उचलत नसे. मी वकील. मला प्रत्येक गुन्ह्यामागं एक आरोपी लागतो. मी म्हणायचो, एका माणसाचा अहंकार, बाकी सगळा बनाव. थोडक्यात, ज्यानं त्यानं आपापल्या धंद्याचं कारण शोधलं होतं.

गुंडूशेठ टपरीच्या बाकावर ग्लास मांडून नकाशा करायचे. "ह्यो रशिया. ह्यो युक्रेन. ह्यो मधला ग्लास म्हंजे डोनबास." असं सगळं मांडून होतंय तोवर चहावाला आला आणि रिकामा दिसला म्हणून युक्रेन विसळायला घेऊन गेला. आम्ही पोट धरून हसलो. सुभेदारही हसले, पण लगेच थांबले. म्हणाले, "ह्ये झालं पाठवणाऱ्याचं कारण. सुरक्षा म्हणा, गहू म्हणा, गर्व म्हणा. खरं, जाणाऱ्याचं कारण काय? त्या पोराला गहू पायजे हुता व्हय?"

त्यावर प्रोफेसरांनी राष्ट्रवाद, प्रचार, गरिबी असं बरंच सांगितलं, आणि ते चूक होतं असं नाही. सुभेदार लक्ष देऊन ऐकायचे. त्यांना वाद जिंकायचा नसे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कोल्हापुरात वाद न जिंकता ऐकून घेणारा माणूस म्हणजे एक तर बहिरा नाहीतर पाहुणा.

पुढं एका सकाळी गुंडूशेठनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पकडला गेलेला एक रशियन सैनिक, नुकतंच मिसरूड फुटलेला, कुणाच्या तरी फोनवरून आईशी बोलत होता. खाली अक्षरं येत होती, 'आम्हाला सरावाला जायचंय म्हणून सांगितलं होतं.' गुंडूशेठ म्हणाले, "थापा मारतंय बेणं. रणगाड्यात बसून सरावाला?" सुभेदारांनी मोबाइल हातात घेतला. पुन्हा लावून बघितला. मग परत देत म्हणाले, "थापा न्हाईत शेठ. आदल्या रात्री काय सांगत्यात त्ये तुमास्नी ठावं न्हाई. आन पहिल्या दिवसाचं कारण पहिल्या दिवसापुरतंच आसतंय. एकदा आपल्यातलं कोण मेलं की मग तेच कारण हुतंय. त्येच्यासाठी लढायचं. मग ह्यो मेला, ह्येच्यासाठी त्यो. आधीचं कारण कुणाच्या ध्यानातबी ऱ्हात न्हाई." एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलले होते.

प्रोफेसर त्या दिवशी वैतागलेले होते. घरी नळाला पाणी आलं नव्हतं म्हणे. ते म्हणाले, "सुभेदार, तुम्ही स्वतः फौजेतले. सैनिकानं कारण विचारायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

सुभेदारांनी ग्लास खाली ठेवला. "मी कवाच ईचारलं न्हाई, साहेब. शपथेवर सांगतो. ईचारत्याय ती त्येची आई."

"कुणाची आई?" गुंडूशेठनी विचारलं. सुभेदार उठून बांधावरून चालायला लागले होते, नेहमीच्याच लयीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. कोर्टाला सुट्टी होती. समोर बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, खुनाच्या केसीत हेतू कसा सिद्ध करता?" मी माझ्या आवडीच्या विषयात शिरलो. जमिनीचा वाद, बाईचं प्रकरण, जुनं वैर, कुणाचा फायदा झाला ते बघायचं, असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आन कुणाचाच फायदा झाला न्हाई तर?" मी म्हटलं, "मग प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असला म्हणजे झालं. मग हेतू सिद्ध नाही झाला तरी चालतं." ते बराच वेळ टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. "मी हाय की साक्षीदार," ते म्हणाले. "मी डोळ्यानं बघितलंय. तरीबी कळंना."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तरुण असताना त्यांची पलटण श्रीलंकेत गेली होती, शांतता राखायला. सोबत त्यांचा जोडीदार मारुती, शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच ताटात जेवलेले. विमानातून उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी गळ्यात हार घातले, शहाळी फोडून दिली. मारुती म्हणाला होता, "गड्या, लगीन आपलंच हाय म्हणायचं." काही महिन्यांनी त्याच गल्लीतून ते गेले की धडाधड दारं लागायची. एका म्हाताऱ्यानं एकदा रस्त्यात उभं राहून त्यांना काहीतरी विचारलं होतं. भाषा कळत नव्हती. "खरं, काय ईचारलं त्ये कळलं," सुभेदार म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत रस्त्यात पुरलेला सुरुंग फुटला आणि मारुती गेला. सुभेदार त्याच्या मागं दहा पावलांवर होते.

मारुतीची पत्र्याची ट्रंक घेऊन सुभेदार त्या वाडीवर गेले. मारुतीची आई दारात बसून होती. रडून झालं होतं. सुभेदारांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मावशी, मारुती देशासाठी गेला." तिनं मान वर करून विचारलं, "देस तर हितं हाय. मग माजं पोर तिकडं कशापायी गेलं?"

"मला बोलताच येईना," सुभेदार मला सांगत होते. "रडाय लागलो. मग म्हणलं, मावशी, ईचारून सांगतो."

तेव्हापासून दरवर्षी, भाताची मळणी झाली की सुभेदार एसटीनं त्या वाडीवर जायचे. रजा नसेल त्या वर्षी रजा मागून घ्यायचे. बरोबर एक लुगडं आणि गुळाची ढेप. जेवण झालं की उंबऱ्याशी बसून ते त्या वर्षी कळलेलं कारण सांगायचे. पहिल्यांदा सांगितलं, शांतता राखायला गेलतो. ती म्हणाली, "मग ऱ्हायली का शांतता?" पुढच्या वर्षी सांगितलं, शेजाऱ्याचं घर पेटलं होतं मावशी, विझवाय नको? ती म्हणाली, "शेजाऱ्याचं घर पेटलं तर माणसं घागर घिऊन पळत्यात. बंदूक घिऊन न्हाईत." मग त्यांनी दोन सरकारांचा करार सांगितला, समुद्र सांगितला, दुसरं कुणी तिथं पाय रोवू नये म्हणून, असं सांगितलं, देशाची पत सांगितली. दरवेळी ती सगळं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची, "पटंना बाबा." एका वर्षी वैतागून त्यांनी सरळ सांगितलं, "मला ठावं न्हाई, मावशी." तर ती म्हणाली, "मग ईचार की कुणाला तरी शिकल्याल्या माणसाला."

"म्हणून तुमच्यात येऊन बसतोय," सुभेदार म्हणाले. "तुमी समदी शिकल्याली. त्या युक्रेनचं कळलं तर आमचंबी कळंल, असं वाटतंय."

मी वकीलच. मी लगेच फरक दाखवला. म्हटलं, "सुभेदार, दोन्ही गोष्टी एक नाहीत. तुम्हाला तिथल्या सरकारनं बोलावलं होतं, करार होता. हे न बोलावता दुसऱ्याच्या मुलखात शिरलेत. एकाला आक्रमण म्हणतात, दुसऱ्याला म्हणत नाहीत." त्यांनी शांतपणे ऐकलं. "व्हय. त्ये बरोबर हाय. कायद्यानं लई फरक हाय. खरं, त्या आईला जाऊन सांगा बगू त्यो फरक." मग उठले, टेबलाचा आधार घेतला, आणि दारात पुन्हा वळून म्हणाले, "राग मानू नका. तुमी सांगितलं त्ये मी ह्या सालाला सांगून बगतो."

त्यांनी खरोखरच सांगितलं. दिवाळीनंतर परत आल्यावर मी विचारलं, "मग? पटलं?" ते हसले. "म्हणली, बोलावलं हुतं तर जेवू घालून धाडायचं. मारून कशाला धाडलं?" माझी वीस पानांची बाजू एका वाक्यात उडाली. मला हसूच आलं. त्या दिवसापासून मी आमच्या वादात 'अहंकार' हा शब्द काढायचा बंद केला.

मी बाकीच्या दोघांनाही हे सांगितलं होतं. आता आम्हा तिघांना माहीत होतं, की हा माणूस रोज सकाळी आमच्याकडून काय न्यायला येतो. त्यामुळं आमची भांडणं जरा जपून व्हायला लागली. प्रोफेसर घरून तयारी करून यायचे. गुंडूशेठ कारखान्यात पिग आयर्नचे, म्हणजे कच्च्या लोखंडाचे, भाव भडकल्यामुळं मेटाकुटीला आले होते, सूर्यफुलाचं तेल महागलं म्हणून त्यांची बायको रशियाला रोज शिव्या घालत होती, तरी ते म्हणायचे, "सुभेदार, माझं ऐका, धंद्याचंच कारण सांगा मावशीला. बाईमाणसाला भाव कळतोय." सुभेदार म्हणायचे, "सांगितलं हुतं मागं. म्हणली, समुद्रातनं काय मिळालं त्यातलं माज्या घरात काय आलं?"

कोडोलीची एक मुलगी युक्रेनमध्ये डॉक्टरी शिकत होती, ती युद्ध सुरू होताच कशीबशी परत आली होती. सारं गाव तिला बघायला गेलं. सुभेदारही नारळ घेऊन गेले. लोक तिला बॉम्ब कसे पडतात ते विचारत होते. सुभेदारांनी विचारलं, "बाळ, तितल्या म्हाताऱ्या बाया काय म्हणायच्या?" तिनं सांगितलं, तिच्या घरमालकिणीची सख्खी बहीण सीमेपलीकडं रशियात राहते. ही तळघरातून फोन करून सांगायची, आमच्यावर बॉम्ब पडताहेत. बहीण म्हणायची, छे, असं होणंच शक्य नाही, आमची माणसं तुम्हाला वाचवायला गेलीत. शेवटी घरमालकिणीनं फोन करायचं सोडून दिलं. हे आम्हाला सांगून सुभेदार म्हणाले, "वाचवाय गेल्यात, म्हणत्याय. आमीबी तेच म्हणत हुतो."

हळूहळू युद्ध पेपरच्या पहिल्या पानावरून आत गेलं. मग जगात दुसरीकडं पेटलं आणि टपरीवरचे सेनापती तिकडं धावले. नंतर निवडणुका आल्या. प्रोफेसरांना मुलानं बेंगळुरूला नेलं, ते महिनोन्‌महिने तिकडंच राहू लागले. गुंडूशेठच्या गुडघ्यांनी दगा दिला. बांधावर उरलो आम्ही दोघं. मी कंटाळून कधी म्हणायचो, "सुभेदार, ते युद्ध तर अजून चालूच आहे. आता कारण कुणाला आठवत असेल?" ते म्हणायचे, "त्येच तर म्हणतोय मी." एवढंच, आणि पुन्हा चालायला लागायचे.

गेल्या श्रावणात त्यांची लय बिघडली. चालता चालता थांबायचे. पोटात दुखतंय म्हणायचे. तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली, ती फार पुढं गेलेली. मुलानं चांगल्या इस्पितळात ठेवलं, पण डॉक्टरांनी मान खाली घालून बोलायला सुरुवात केली की काय ते कळतं. मी रोज संध्याकाळी कोर्टातून परस्पर तिकडं जायचो. एवढा ताठ माणूस पलंगावर वाकडा होऊन पडलेला मला बघवत नसे. मी काहीबाही कोर्टातल्या गमती सांगायचो. त्यांना हसताना दुखायचं, म्हणून मग तेही सोडलं.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी त्यांनी मुलाला बाहेर पाठवलं आणि माझा हात धरला. "ह्या सालाला माजं जाणं हुईत न्हाई. तुमी जावा."

मी म्हटलं, "जाऊन काय सांगू?"

"काय बी जुळवून सांगा. तुमचा धंदाच हाय." मग थोडा वेळ डोळे मिटून पडले. "खरं, खोटं सांगू नका. आन साल चुकवू नका. मी कवा चुकवलं न्हाई."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. कोडोलीतच अग्नी दिला. माजी सैनिकांनी तिरंगा पांघरला, गावातल्या शाळेची पोरं रांगेत उभी राहिली. गुंडूशेठ दोन माणसांच्या आधारानं आले होते. मला वाटलं होतं मी रडणार नाही, कारण कधीचं ठाऊकच होतं. पण तिथं कुणीतरी चहा फिरवायला सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या हातात ग्लास पडेपर्यंत कुणी थांबलंच नाही, हे बघून मला आवरेना.

दिवाळीनंतर मळणीच्या दिवसांत मी निघालो. एखाद्या मोठ्या केसच्या शेवटच्या युक्तिवादाला करावी तशी मी तयारी केली होती. पुस्तकं चाळली, प्रोफेसरांना बेंगळुरूला फोन लावला. काय सांगायचं ते मनात ठरवलं होतं. पाठवणाऱ्यांना एक वाटलं, घडलं दुसरंच, आणि जे गेले ते एकमेकांच्या भरवशावर गेले. तुमचा मारुती सुभेदारांच्या सोबतीनं गेला आणि सुभेदार मारुतीच्या. यात खोटं काही नव्हतं. पटण्यासारखंही होतं, असं मला वाटत होतं. लुगडं आणि गुळाची ढेप बरोबर घेतली.

वाडी डोंगराच्या कुशीत. भात निघालेली खाचरं, खळ्यावर पेंढ्यांच्या गंजी, तांबडी माती. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ऐंशीच्या पुढं नक्की, वाळून एवढीशी झालेली, पण हात झपाझप चालत होते. मला बघून म्हणाली, "पावणं, कुणीकडलं म्हणायचं?"

मी म्हटलं, "कोल्हापूरहून आलो, आजी. सुभेदारांनी पाठवलंय."

सुपातले हात थांबले. तिनं माझ्या हातातलं लुगडं बघितलं, गुळाची ढेप बघितली, आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. तिकडं कुणी नव्हतं.

"सदा गेला व्हय?" तिनं विचारलं. सुभेदारांचं नाव सदाशिव. त्यांना सदा म्हणणारं जगात कुणी उरलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी मान हलवली. ती मोठ्यानं रडली नाही. सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि तशीच हलत बसली. आतून धाकट्या मुलाची बायको आली, तिनं मला पाणी दिलं, चहा ठेवायला गेली. मी अंगणातल्या दगडावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "लई दुखलं का त्येला?" मी म्हटलं, "शेवटी शेवटी दुखलं."

चहा झाला. मग मी घसा साफ केला. "आजी, तुम्ही त्यांना दरवर्षी एक प्रश्न विचारायचात. त्याचं उत्तर द्यायला त्यांनी मला..."

तिनं हात वर करून मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे बाबा."

"नाही, पण त्यांची इच्छा होती की..."

"ऐक माजं." ती जरा पुढं सरकली. "पहिल्या साली ईचारलं त्ये खरंच ईचारलं. माजं काळीज जळत हुतं. त्यो रडाय लागला, म्हणला, ईचारून सांगतो. मला वाटलं, कशाला येतोय पुन्हा, गेला आता. खरं, दुसऱ्या साली आला की! लुगडं घिऊन. हितंच बसला, जेवला, मारुतीच्या गोष्टी सांगितल्या. मारुती फौजेत काय खायाचा, कसा हसायचा, कुणाला शिव्या द्यायचा. मला काय ठावं त्यातलं? पोरगं भरती झाल्यावर मी त्येला दोनदाच बघितलं. मग जाताना कारण सांगितलं." तिनं डोळे पुसले. "सांगितलं त्ये पटलं हुतं मला. पहिल्याच खेपंला पटलं हुतं. खरं, पटलं म्हणलं आसतं, तर त्यो पुन्हा कशाला आला आसता?"

मला सुभेदार आठवले, माझ्या ऑफिसातल्या काचेकडं बघणारे, टपरीवर प्रोफेसरांचं एकेक वाक्य कान देऊन ऐकणारे. एवढी वर्षं तो माणूस जगभरातल्या लढायांची कारणं गोळा करत हिंडला होता. क्षणभर मला म्हातारीचा रागही आला. तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार.

"तरास दिला म्हणायचा मी त्येला," ती म्हणाली. "व्हय ना?"

खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "दिलात, आजी. पण त्या प्रश्नाशिवाय त्यांना तुमच्या दारात यायचं धाडस झालं नसतं. मारुती गेला आणि आपण राहिलो, या लाजेनं ते कधी आलेच नसते." बोलून झाल्यावर मला कळलं, की ठरवून आणलेल्या सगळ्या युक्तिवादापेक्षा हेच खरं होतं.

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तांदळातले खडे वेचायला लागली. ऊन उतरणीला लागलं होतं, शेवटची एसटी चुकेल म्हणून मी उठलो. वाकून पाया पडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून विचारलं,

"सदानं तुला काय सांगाय लावलंय, त्ये ध्यानात हाय का?"

"आहे की," मी म्हटलं. "सांगू?"

"आज नगं," ती म्हणाली. "फुडच्या साली यिऊन सांग."